कंबर धरली आहे. मित्राची उरलेली 'एमआर' गोळी घेतली तर चालेल का? दिवसाला किती, किती दिवस?

तुम्ही लिहिलंय की गोणी उचलताना कंबरेत उसण भरली, मित्राने त्याची उरलेली स्ट्रिप दिली, तिच्यात ॲसिक्लोफिनॅक (वेदनाशामक), पॅरासिटामोल आणि क्लोरझोक्साझोन (स्नायू सैल करणारं) आहे, आणि तुम्हाला मोटारसायकलवरून कामाला जायचं असतं. मी फार्मासिस्ट आहे. सांगली जिल्ह्यात, साखर कारखान्याच्या पट्ट्यात आमचं मेडिकल आहे. हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवाले, तोडणीची माणसं रोज दारात असतात आणि निम्म्यांना हीच गोळी हवी असते. नाव कुणालाच माहीत नसतं. "कंबरेची द्या" म्हणतात, नाहीतर कापलेल्या पाकिटाचा तुकडा काउंटरवर टाकतात.

मित्राची गोळी घेऊ नका. त्याला ती देताना डॉक्टरांनी त्याचं पोट, त्याची किडनी, त्याची चालू औषधं विचारली असतील. तुमची कुणी विचारलेली नाहीत, आणि तुम्हीही प्रश्नात लिहिलेली नाहीत. माझं सगळं भांडण तिथेच आहे.

हे भांडण आमच्या घरात जुनं आहे. दुकान सासऱ्यांनी उभं केलं, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांचं म्हणणं, गिऱ्हाईकाला प्रश्न विचारू नयेत; मागेल ते द्यावं. विचारत बसलं की माणूस समोरच्या दुकानात जातो. मी लग्न होऊन आले, काउंटरला उभी राहिले आणि विचारायला लागले. बीपीची गोळी चालू आहे का? रक्त पातळ करायची? कधी अल्सर झाला होता? बाई असेल तर, दिवस गेलेत का? "तू डॉक्टर आहेस का?" हे वाक्य मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी ऐकलंय.

अण्णांचेच एक मित्र आहेत, निवृत्त गुरुजी. बीपीसाठी टेल्मिसार्टन कायमची चालू. मान आखडली तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना ॲसिक्लोफिनॅक आणि टिझॅनिडीन (हेही स्नायू सैल करणारंच) एकत्र असलेली गोळी पाच दिवसांसाठी लिहून दिली. मान मोकळी झाली, गोळी मात्र सुटली नाही. रात्री झोप छान लागते म्हणून गुरुजी रिकामं पाकीट घेऊन यायचे आणि अण्णा नवं द्यायचे. चिठ्ठी बघायची पद्धतच नव्हती, आणि या पाकिटांवर लाल चौकटीत शेड्यूल एचची, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी, सूचना छापलेली असते. ती कशासाठी छापतात, यावर आमची जेवतानाही वादावादी झालेली आहे.

एका दुपारी गुरुजी आले ते काउंटरची कड घट्ट धरूनच उभे राहिले. ओठ सुकलेले, जीभ टाळूला चिकटल्यासारखं बोलत होते. सकाळपासून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाले आणि ग्लुकोजची पावडर मागितली. अण्णा काढायला वळलेसुद्धा. मी म्हटलं, "गुरुजी, पिशवी द्या," आणि त्यांच्या कापडी पिशवीतली सगळी औषधं काउंटरवर मांडली. बीपीचं पाकीट. मानेचं पाकीट. आणि कात्रीने कापलेला एक तुकडा, नाव अर्धवट, एक्सपायरी छापलेला भाग कुणा दुसऱ्याच गिऱ्हाइकाबरोबर गेलेला. उजेडात तिरपं धरल्यावर 'सिप्रो' एवढं वाचता आलं. लघवीला जळजळ होत होती म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी सिप्रोफ्लॉक्सासिन दिली होती, तीही दुसऱ्या दुकानातून घेतलेली. त्या डॉक्टरांना मानेच्या गोळीचं सांगितलं होतं का, असं विचारलं तर गुरुजी म्हणाले, "मानेचा लघवीशी काय संबंध?"

संबंध यकृतात येतो. टिझॅनिडीनचा निचरा यकृतातलं सीवायपी१ए२ नावाचं एन्झाइम करतं आणि सिप्रोफ्लॉक्सासिन नेमकं तेच अडवतं. मग टिझॅनिडीन रक्तात साचत जातं. निरोगी माणसांना दोन्ही एकत्र देऊन पाहिलं तेव्हा रक्तातलं प्रमाण सरासरी १० पट वाढलं होतं. टिझॅनिडीनने मुळातच बीपी उतरतं, झोप येते, तोंडाला कोरड पडते. त्यात गुरुजींची बीपीची गोळी. आमच्या मशीनवर ८४/५२ आलं. त्यांना बाकावर आडवं केलं, पाय उंचावर ठेवले आणि डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी टिझॅनिडीन तिथल्या तिथे बंद केलं, गुरुजींना दवाखान्यात बोलावून घेतलं, अँटिबायोटिक बदललं. दुसऱ्या दिवशी गुरुजी ठीक होते. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा फ्लुवॉक्सामिन (मनाच्या आजारावरचं औषध) चालू असताना टिझॅनिडीन द्यायचं नाही, हे माहितीपत्रकात स्पष्ट छापलेलं असतं.

अण्णा अजून म्हणतात, "ऊन लागलं असेल, योगायोग." योगायोग नव्हता. ग्लुकोजची पुडी देऊन घरी पाठवलं असतं तर रात्री लघवीला उठताना गुरुजी पडले असते, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो.

तुमच्या गोळीत टिझॅनिडीन नाही म्हणून सुटलात असं समजू नका. 'एमआर' म्हणजे मसल रिलॅक्संट, स्नायू सैल करणारं औषध. ही अक्षरं बऱ्याच पाकिटांवर असतात; एकात टिझॅनिडीन निघतं, दुसऱ्यात क्लोरझोक्साझोन. मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही. क्लोरझोक्साझोननेही झापड येते. क्वचित ते यकृताला गंभीर इजा करतं. लघवी केशरी किंवा जांभळट झाली तर एवढ्याने घाबरू नका, या औषधाने रंग तसा होऊ शकतो. पण डोळे पिवळे दिसले, मळमळ थांबेना, अन्नावरची वासना गेली तर गोळी बंद आणि डॉक्टरकडे. दारू या गोळीबरोबर अजिबात नको.

डोसचं विचाराल तर ॲसिक्लोफिनॅकची मर्यादा दिवसाला २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन गोळ्या, बारा तासांच्या अंतराने. दुखणं थांबलं नाही म्हणून तिसरी घ्यायची नाही. तुमच्यासारख्या गोळीत सहसा ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामोलही असतं हे लोक विसरतात आणि कणकण वाटली की वर डोलो ६५० घेतात. धडधाकट माणसालाही सगळं मिळून दिवसाला ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामोल जाऊ नये; रोज पिणाऱ्याला, यकृताचा त्रास असणाऱ्याला त्याहून कमी. कॉम्बिफ्लामही वर घेऊ नका. तिच्यात आयब्युप्रोफेन आहे, म्हणजे पोट आणि किडनीला त्रास देणारी एकाच जातीची दोन औषधं झाली.

जेवल्यावर घेतली की पोट सांभाळलं जातं, हेही अर्धंच खरं. ही औषधं रक्तातूनही पोटाच्या अस्तराचं संरक्षण कमी करतात. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर आतून रक्तस्राव होत असू शकतो. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि ही वेदनाशामक गोळी, अशी तिन्ही एकत्र आली तर किडनीवर मोठा ताण येतो. आमच्या भागात दूधवाले खूप, त्यांना मी गिधाडांचं उदाहरण देते. जनावरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे, मेलेली जनावरं खाणाऱ्या गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. ॲसिक्लोफिनॅकचं जनावरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होतं, त्यावर २०२३ मध्ये आली. माणसाचं शरीर वेगळं, पण "साधी दुखण्याची गोळी आहे हो" हे वाक्य मला ऐकवत नाही.

आणि इतकं करून मिळतं किती? अमेरिकेत कंबरदुखीच्या पेशंटांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नुसतं आयब्युप्रोफेन, काहींना त्याबरोबर टिझॅनिडीन किंवा दुसरं स्नायू सैल करणारं औषध दिलं. आठवड्याने दोघांच्यात फरक दिसला नाही. हलत्या-फिरत्या माणसाची उसण बहुतेक वेळा काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत आपोआप उतरते. शेका, जड उचलू नका, पण अंथरूण धरून बसू नका.

मोटारसायकलचं उत्तर नाही असंच आहे. गोळी चालू असेपर्यंत गाडी नको, ट्रॅक्टर नको, कडबाकुट्टीचं मशीनही नको.

मी तुम्हाला तपासलेलं नाही आणि मी डॉक्टर नाही. ही गोळी वाईट आहे असंही माझं म्हणणं नाही. डॉक्टर विचारपूस करून मोजक्या दिवसांसाठी देतात तेव्हा ती उपयोगी पडते. दमा, अल्सर, किडनी किंवा हृदयाचा आजार, गरोदरपण, रक्त पातळ करायची गोळी, यातलं काहीही असेल तर वर लिहिलेला डोससुद्धा तुमच्यासाठी नाही. डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक असतील तीसुद्धा. मेडिकलमध्ये कापून दिलं तर नाव आणि एक्सपायरी असलेला भाग मागून घ्या, नाहीतर तिथेच फोटो काढा. आणि काउंटरवरची बाई चार प्रश्न विचारत असेल तर तिच्यावर डाफरू नका, उत्तरं द्या.

पायातली ताकद जायला लागली, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, कंबरदुखीबरोबर ताप आला, तर हे सगळं वाचत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा.