सतत त्याच व्यक्तीचा विचार येतो. हे प्रेम की मोह?

आपण लिहिले आहे की गेले सहा महिने ऑफिसमधील एका व्यक्तीचा विचार डोक्यातून जात नाही आणि तिचे उत्तर यायला उशीर झाला की आपल्याला घास गिळवत नाही. माझ्या मते हा तूर्त मोह आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

या अवस्थेला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनॉव्ह यांनी १९७०च्या दशकात ‘लिमरन्स’ असे नाव दिले. ही ओढ आशा आणि अनिश्चितता या दोन्हींवर पोसली जाते, हे त्यांचे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. उत्तर येईल की नाही हे ठाऊक नसते, म्हणूनच माणूस फोन पुन्हा पुन्हा उघडून पाहतो. इटलीतील पिसा येथील संशोधकांना १९९९ साली नुकत्याच प्रेमात पडलेल्या २० जणांच्या रक्तात सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाशी संबंधित एक प्रथिन मंत्रचळाच्या, म्हणजे तोच तो विचार मनातून न जाण्याच्या आजाराच्या, रुग्णांइतकेच कमी आढळले होते, आणि त्यांतील काहींची वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासणी केली तेव्हा ते पूर्ववत झाले होते. आपण ‘वेड लागले’ म्हणतो ते अगदीच उगाच नाही.

कॉलेजात असताना मी एका मुलीसाठी वर्षभर मुद्दाम उशिराची एसटी पकडत असे. तिच्या डब्याच्या पिशवीवरची नक्षी मला आजही आठवते, पण तिला भावंडे किती, हे मला कधीच माहीत नव्हते. मी प्रेम करत होतो ते मीच रचलेल्या एका मुलीवर.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मला कावीळ झाली, तेव्हा घरात दीड महिना फोडणी पडली नाही. खर्ड्याशिवाय जिचे जेवण होत नाही, त्या माझ्या पत्नीनेही तेवढे दिवस खर्डा केला नाही; आणि हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले, कारण तिने ते बोलून दाखवले नव्हते.

मोहातून पुढे प्रेम होतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. त्या व्यक्तीला राग कशाचा येतो, घरची कोणती जबाबदारी तिच्यावर आहे, आपले कोणते वागणे तिला खटकते, हे आपल्याला सांगता येते का ते पाहा. येत नसेल, तर संदेशांची वाट पाहण्याऐवजी एकदा चहाला बोलवा आणि तिला बोलू द्या.