क्रिटामध्ये फक्त साडीचा हिरवा रंग कसा निवडायचा? थ्रेशोल्ड किती ठेवू?

क्रिटा या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचं चित्र एकाच लेअरवर (थरावर) आहे आणि नवरीची हिरवी साडी जांभळी करायची आहे. रंगावरून सिलेक्शन केलं की एक तर मागची झाडं सोबत येतात, नाहीतर साडीच्या कडेनं हिरवट किनार उरते. म्हणून थ्रेशोल्डचा, म्हणजे क्लिक केलेल्या रंगापासून किती वेगळा रंग चालेल याचा, नेमका आकडा तुम्ही विचारलाय. तसा आकडा नाहीच. स्लायडर मागेपुढे करण्यात संध्याकाळ घालवू नका.

का नाही, ते पिक्सेलमध्ये डोकावून बघू. समजा साडीच्या ज्या पिक्सेलवर तुम्ही क्लिक केलं, त्यात लाल 46, हिरवा 125, निळा 50 आहे. झाडाचा रंग 60, 120, 45. दोघांत सर्वांत मोठा फरक 14 चा. आता साडीची कड घ्या. रेघ काळी, 20, 20, 20. ब्रशचं अँटी-अलायझिंग (कडा मऊ करणं) चालू असल्यामुळे साडी आणि रेघ यांच्यामधला पिक्सेल दोन्हींचं मिश्रण असतो. अर्धं-अर्धं मिसळलं तर 33, 73, 35. क्लिक केलेल्या हिरव्यापासून हा 52 नं लांब. म्हणजे टूलच्या लेखी झाड साडीच्या जवळचं आणि साडीची स्वतःची कड परकी! थ्रेशोल्ड वाढवत नेला तर कड हाती यायच्या कितीतरी आधी अख्खं झाड आत येणार. निऱ्यांमधल्या गडद सावल्यांचंही तेच. प्रत्येक सॉफ्टवेअरची मोजपट्टी वेगळी असते, पण बहुतेकदा झाड आधी आणि कड नंतर हाच क्रम राहतो.

म्हणून रंगाचं काम रंगावर सोपवा, जागेचं काम हाताने करा आणि कडेचा हिशेब वेगळा मांडा.

जादूच्या कांडीचं चिन्ह असलेलं टूल क्लिक केलेल्या जागेला जोडून असलेला भागच उचलतो. तुमच्या चित्रात हात, पदर आणि रेघा यांनी साडीचे बरेच तुकडे पडले असणार, त्यामुळे इथे सिमिलर कलर सिलेक्शन घ्या. ते लेअरवर जिथे जिथे तसा रंग असेल तिथून गोळा करतं. थ्रेशोल्ड कमीच ठेवा. आधी साडीच्या मधल्या छटेवर क्लिक करा, मग शिफ्ट दाबून उजळ भागावर, पुन्हा शिफ्ट दाबून निऱ्यांच्या सावलीवर. एका मोठ्या थ्रेशोल्डपेक्षा लहान थ्रेशोल्डचे चार क्लिक केव्हाही बरे. झाडं येतील, येऊ द्या.

आता फ्रीहँड सिलेक्शन घ्या, शिफ्ट आणि ऑल्ट दोन्ही धरा आणि साडीभोवती ढोबळ कुंपण काढा. जे दोन्हींत सामाईक तेवढंच उरतं, झाडं गळून पडतात. लिनक्सवर ऑल्ट कधी कधी विंडो मॅनेजर (खिडक्या हलवणारा प्रोग्राम) पळवतो. तसं झालं तर टूल ऑप्शन्समध्ये इंटरसेक्टचं बटण आहे. नवरीच्या हातात हिरवा चुडा असेल तर तोही सिलेक्शनमध्ये आलेला असणार. तो हिरवाच राहायला हवा, म्हणून फक्त ऑल्ट धरून तेवढा भाग वजा करा. जरीचा काठ पिवळा असल्यामुळे तो आपसूक बाहेर राहतो.

मग सिलेक्ट मेन्यूतून ग्रो सिलेक्शन (निवड चहूबाजूंनी वाढवणं), 2 पिक्सेल. इथे बकेटने जांभळा ओतायचा मोह टाळा, तुम्ही मेहनतीनं काढलेल्या निऱ्या सपाट होतील. सिलेक्शन चालू असतानाच लेअरला फिल्टर मास्क (मूळ चित्र न बदलता वरून परिणाम देणारा थर) जोडा, एचएसव्ही अ‍ॅडजस्टमेंट निवडा आणि ह्यू (रंगछटा) साधारण 160 अंशांनी फिरवा. मला ही पद्धत सर्वांत आवडते, कारण काळ्या रेघेला स्वतःचा ह्यूच नसतो. वाढवलेलं सिलेक्शन रेघेवर गेलं तरी रेघ काळीच राहते, आणि मधला तो 33, 73, 35 वाला पिक्सेल मात्र गडद जांभळा होतो. किनार पुसावी लागत नाही, तीच रंग बदलते. व्हॅल्यू (उजळपणा) थोडी वाढवा. आपल्या डोळ्यांना हिरवा जास्त उजळ भासतो, त्यामुळे तेवढ्याच व्हॅल्यूचा जांभळा काळपट वाटेल.

ते 2 पिक्सेल जिथे जरीवर किंवा हाताच्या त्वचेवर चढले असतील, तिथे रंग विचित्र दिसेल. मास्क निवडून बारीक ब्रशने काळा फिरवा, तिथला परिणाम निघून जातो. जास्त गेला तर पांढरा. करडाही चालतो, कारण सिलेक्शन हो किंवा नाही एवढंच नसतं. प्रत्येक पिक्सेल किती निवडला याला 0 ते 255 अशी किंमत असते, आणि ती हाताने रंगवता येते हे कळलं की निम्मी भीती जाते.

चित्र जेपेग असेल तर आधी मूळ फाइल शोधा. जेपेग 8×8 पिक्सेलच्या चौकोनांत माहिती दाबतं, त्यामुळे सपाट दिसणाऱ्या रंगातही ठिपके असतात आणि सिलेक्शन चाळणीसारखं येतं.

पुढच्या चित्रापासून एक सवय लावा. रेघांच्या खाली फ्लॅट्सचा (सपाट रंगांचा) एक वेगळा लेअर ठेवा: साडी, चुडा, काठ, झाड, प्रत्येकाला भडक आणि एकमेकांपासून लांबचा रंग, अँटी-अलायझिंग बंद करून. कॉमिक्समध्ये हे काम करणारी माणसं वेगळी असतात, इतकं ते महत्त्वाचं. हे रंग शेवटी दिसणार नसतात, त्यामुळे साडी गुलाबी आणि झाड निळं असलं तरी बिघडत नाही. कडेला मिश्र पिक्सेलच नाहीत, म्हणून थ्रेशोल्ड अगदी खाली ठेवूनही एका क्लिकमध्ये पूर्ण साडी हातात येते. फ्लॅट्सवर क्लिक करा, मग वरच्या रंगाच्या लेअरवर जा. सिलेक्शन तसंच राहतं आणि ब्रश त्याच्या बाहेर जात नाही.