पेन त्याच्याच हातात राहू द्या

लेखन आणि भाषणासाठी सहाध्यायांना मदत करणाऱ्या आपल्या गटात तुम्ही यंदा नव्याने येत आहात, म्हणून चार वर्षांच्या अनुभवातून काही सांगतो. समोर ठेवलेल्या निबंधावर लगेच लाल पेन चालवू नका. विद्यार्थ्याला पहिला परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. तो जिथे अडखळतो तिथे बहुधा वाक्यच तुटलेले असते, आणि ते त्याला तुमच्याआधी उमगते. मग "तुला इथे नेमके काय म्हणायचे आहे?" असे विचारा आणि तो जे बोलेल ते त्यालाच लिहू द्या. एका मुलीने मला तोंडी सांगितलेले साधे वाक्य तिच्या अर्ध्या पानाहून स्पष्ट होते.

शुद्धलेखन शेवटी पाहा. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे नियम हाताशी असावेत, पण सगळे एकदम सांगू नयेत. 'गरीब'चे 'गरिबाला' आणि 'फूल'चे 'फुलाला' कसे होते, म्हणजेच तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) शब्द सोडता उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, दीर्घ ईकार-ऊकार सामान्यरूपात (प्रत्यय लागताना होणाऱ्या रूपात) ऱ्हस्व होतो, एवढे कळले तरी पुष्कळ चुका थांबतात. बोलीतल्या शब्दाला मात्र कधीही अशुद्ध म्हणू नका. घरच्या भाषेवरून ओशाळलेला मुलगा पुन्हा येत नाही, आणि ही गोष्ट मला फार लागते.

भाषणाच्या सरावात पाठांतराऐवजी चिठ्ठीवर चार-पाच शब्द लिहून घ्यायला लावा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून त्यालाच ऐकवा. अनेकांचा आवाज वाक्याच्या शेवटी पडतो आणि मराठीत क्रियापद तिथेच येत असल्याने 'केले' की 'केले नाही' हेच श्रोत्याला कळत नाही.