तुमचे प्रश्न: हाताला सोसेल असा कीबोर्ड कुठला?

प्रश्न : मी सांगलीला घरून अनुवादाचं काम करते, दिवसातले सहा-सात तास मराठी टायपिंग, इनस्क्रिप्ट या की-मांडणीत. गेले काही महिने उजवं मनगट आणि करंगळीच्या बाजूची कड दुखतीये. मैत्रीण म्हणते एर्गोनॉमिक, म्हणजे हाताच्या ठेवणीला सोयीचा, कीबोर्ड घे, पण ऑनलाइन बघितलं तर अगदी स्वस्तातल्यापासून तीस-चाळीस हजारापर्यंत सगळ्यांवर तेच लिहिलंय. माझं बजेट सात-आठ हजार आहे, उंची पाच फूट. कुठला घेऊ?

उत्तर : ताई, मॉडेलचं नाव सांगते, पण आधी दोन गोष्टी आजच करून बघा, त्यांना पैसे लागत नाहीत. कीबोर्ड उलटा करा, मागच्या कडेला दोन छोटे पाय असतात ते मिटवून टाका. ते पाय उघडले की कीबोर्डची मागची बाजू उचलली जाते आणि आपलं मनगट वरच्या दिशेला वाकतं, सहा-सात तास तसंच वाकलेलं राहतं. बहुतेक जणांना वाटतं ते पाय आरामासाठी दिलेत, पण ते खरं तर की बघून टाइप करणाऱ्याला अक्षरं नीट दिसावीत यासाठी आहेत, तुम्हाला त्यांची काही गरज नाही.

दुसरी गोष्ट टेबलाची उंची. आपल्याकडची टेबलं साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतात आणि तुमच्या उंचीच्या बाईचं कोपर, पाय जमिनीला टेकवून बसलं तर, साधारण ६० ते ६५ सेंटीमीटरवर येतं. म्हणजे कीबोर्ड कोपरापेक्षा चांगला दहा सेंटीमीटर वर आहे, मग खांदे उचलले जातात, मनगट टेबलाच्या कडेवर दाबलं जातं, आणि अशा टेबलावर कितीही भारी कीबोर्ड ठेवा, दुखणं तसंच राहणार. खुर्ची वर घ्या, पायाखाली पाट किंवा लाकडी खोकं ठेवा. खुर्ची वर होत नसेल तर टेबलाखाली सरकणारा ट्रे बसवून घ्या, जुन्या कॉम्प्युटर टेबलांना असायचा तसा, सुतार अर्ध्या दिवसात करून देतो. तो ट्रे नव्या टेबलांमधून का गेला मला कळत नाही, कमी उंचीच्या माणसांसाठी त्याच्याइतकी चांगली सोय दुसरी नव्हती.

आता कीबोर्ड. साध्या सपाट कीबोर्डवर हात तीन प्रकारे वाकतो. एक, आपले खांदे रुंद आणि अक्षरांचा भाग अरुंद, त्यामुळे हात आत येतात आणि मनगटं बाहेर, करंगळीच्या दिशेला वळतात. दोन, मनगट वर वाकतं, ते वर सांगितलंच. तीन, तळवे पूर्ण जमिनीकडे करायला लागतात, त्यासाठी कोपरापासूनची दोन्ही हाडं एकमेकांवर पिळली जातात. एर्गोनॉमिक म्हणून जे विकतात त्याने यातला एक तरी वाक कमी केला पाहिजे, नाहीतर तो शब्द फक्त खोक्यावर आहे. अक्षरांचे दोन गट करून मध्ये कोन दिला तर पहिला वाक कमी होतो, कीबोर्ड मागे उतरता केला तर दुसरा, आणि मधला भाग उंच केला तर तिसरा. नुसता हाताखाली मऊ पट्टा लावून सपाट कीबोर्ड विकतायत ते घेऊ नका.

तुमचं दुखणं करंगळीच्या बाजूचं आहे म्हणून माझी नजर पहिल्या वाकावर जाते, आणि त्यातून तुम्ही इनस्क्रिप्टवाल्या. हे इंग्रजी रिव्ह्यूमध्ये कुणी लिहिणार नाही म्हणून सविस्तर सांगते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डावीकडे आणि व्यंजनं बहुतेक उजवीकडे, त्यात च, ट, ज, ड, य ही सगळी उजव्या करंगळीची. एंटर तिचा, बॅकस्पेस तिचा. आणि शिफ्ट. आपण 'आणि' किती वेळा लिहितो बघा, त्यातला आ पण शिफ्ट धरून आणि ण पण शिफ्ट धरून, दोन्ही की डाव्या हाताच्या म्हणजे शिफ्ट उजव्या करंगळीने. 'आहे'चा आ तोच. म्हणजे मराठीतल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याला तुमची उजवी करंगळी खालच्या कोपऱ्यात ताणली जाते आणि तिच्याबरोबर अख्खं मनगट बाहेर वळतं. इंग्रजी टाइप करणाऱ्याला हा त्रास इतका होत नाही. म्हणून दोन सवयी लावा: करंगळी लांबवण्यापेक्षा शिफ्टसाठी अख्खा हात थोडा सरकवा, कोपरापासून, आणि बॅकस्पेसला मनगट टेकवून पोचायचा प्रयत्न करू नका, हात उचला. स्टिकी कीज नावाची सोय विंडोजमध्ये असतेच, शिफ्ट पाच वेळा दाबला की विचारते, ती चालू केली की शिफ्ट दाबून सोडायचा, मग अक्षर दाबायचं, एकाच वेळी दोन की धरायला लागत नाहीत. पहिले काही दिवस वेग कमी होईल पण दुखतंय तोवर वापरून बघा.

मॉडेलबद्दल. या प्रकारचा कीबोर्ड घराघरात पोचवला तो मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल कीबोर्डने, १९९४ साली, मधून फाकलेला आणि फुगीर. पुढे २००५ मध्ये त्यांचा नॅचरल ४००० आला, तो अजून कित्येक ऑफिसात दिसतो. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या नावाचे कीबोर्ड-माउस बंद करायचं ठरवलं आणि ती डिझाइन्स आता इनकेस नावाच्या कंपनीकडे गेलीत, त्यामुळे जुना स्टॉक कुणी महागात गळ्यात मारत असेल तर वॉरंटी कोण देणार ते आधी विचारा. सध्या सहज मिळणारा त्याच घराण्यातला म्हणजे लॉजिटेकचा एर्गो के८६०, मधून फाकलेला, मधे उंच, आणि याचे पाय पुढच्या कडेला आहेत, मागच्या नाही, म्हणजे कीबोर्ड मागे उतरता होतो. तिन्ही वाक कमी करणारा आहे, फक्त तुमच्या बजेटच्या वर जातो. त्याच कंपनीचा वेव्ह कीज बजेटच्या जवळपास बसतो, आकाराने छोटा आहे त्यामुळे माउस जवळ येतो, हाताखाली चांगला पट्टा आहे, पण तो फाकलेला नाही, फक्त लाटेसारखा वळलेला आहे, म्हणजे तुमचा जो मुख्य वाक आहे त्याला तो थोडाच कमी करतो. मी तुमच्या जागी असते तर आत्ता उंची दुरुस्त केली असती, महिनाभर बघितलं असतं आणि पैसे साठवून के८६०च घेतला असता. मधलं काहीतरी घेऊन परत बदलायला लागलं तर जास्तच जातात.

घेताना एक बघा, फाकलेल्या कीबोर्डवर बी ही की डाव्या तुकड्यात असते, इनस्क्रिप्टमध्ये तिच्यावर व आहे. तुम्ही व उजव्या हाताने मारत असाल तर पहिला आठवडा प्रत्येक 'व'ला बोट हवेत जाईल. आज टाइप करताना स्वतःकडे लक्ष देऊन बघा.

खरेदीने दुखणं जाईलच असं मात्र मी लिहून देणार नाही. कामाच्या जागेच्या आरोग्यावर संशोधन करणारी निऑश ही अमेरिकन सरकारी संस्था, तिने १९९७ मध्ये अशा कीबोर्डवर पुस्तिका काढली होती, त्यात हेच म्हटलं होतं की हाताची ठेवण सुधारते हे दिसतं, पण दुखापत टळते याचा पक्का पुरावा नाही. आणि रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील तर कीबोर्ड शोधत बसू नका, डॉक्टरांकडे जा. मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून नऊ स्नायूबंध आणि एक नस जाते, ती नस दाबली गेली की असं होतं आणि थायरॉइड, डायबेटिस, गरोदरपण यातही होतं. करंगळी बधिर होत असेल तर ती नस वेगळी, ती बऱ्याचदा कोपरात दाबली जाते. तेही डॉक्टरांनाच दाखवा.

प्रश्न : कोल्हापूरला अकाउंटंट आहे, दिवसभर टॅली. मनगट ठीक आहे पण उजवा खांदा आणि दंड संध्याकाळी भरून येतो. नंबरपॅड नसलेला छोटा कीबोर्ड घ्या असं एका व्हिडिओत सांगितलं. घेऊ का?

उत्तर : दादा, तुमच्या कामाला नंबरपॅड काढून चालणार नाही, वरच्या ओळीतून व्हाउचरचे आकडे भरायला लागलात तर आणखी हाल होतील. पण व्हिडिओवाल्याचं निदान बरोबर आहे. पूर्ण कीबोर्ड साधारण ४४-४५ सेंटीमीटर रुंद असतो आणि अक्षरांचा भाग डाव्या बाजूला असतो, आपण बसतो अक्षरांसमोर, मग माउस पार नंबरपॅडच्या पलीकडे जातो आणि उजवा हात दिवसभर बाजूला पसरलेला राहतो. खांदा त्यानेच भरतो.

नंबरपॅड नसलेला कीबोर्ड साधारण ३६ सेंटीमीटरचा असतो. तो घ्या आणि सुटा यूएसबी नंबरपॅड वेगळा घ्या, स्वस्तात मिळतो. एंट्री चालू असेल तेव्हा तो उजवीकडे आणि माउस बाजूला सारायचा, बाकी वेळेला उलट. टॅलीत माउस फार लागतही नाही, त्यामुळे हे तुम्हाला कुणाहीपेक्षा सोपं जाईल. काही जण माउसच डाव्या हाताला घेतात, विंडोजच्या सेटिंगमध्ये क्लिकची बटणं बदलता येतात, सुरुवातीला चिडचिड होते पण जमतं. आधी काहीच खर्च करायचा नसेल तर हे करा: एंट्री करताना आहे तोच कीबोर्ड डावीकडे सरकवा, इतका की नंबरपॅड तुमच्या उजव्या खांद्याच्या समोर येईल, कारण तुमचं टायपिंग अक्षरांचं नाहीच, आकड्यांचं आहे, आणि तरी आपण सवयीने अक्षरांसमोर बसतो.

मार्च एंडला मात्र दर अर्ध्या-पाऊण तासाने उठा. हे कीबोर्डचं उत्तर नाही, पण कुठलाच कीबोर्ड बारा-बारा तासांसाठी केलेला नाही.

प्रश्न : हिंजवडीत आयटीत आहे. पूर्ण दोन तुकड्यांचा मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा विचार आहे, अगदी कमी की असलेला. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. मराठीत ब्लॉग पण लिहितो, इनस्क्रिप्टमध्ये. काय सांगाल?

उत्तर : दोन सुटे तुकडे ही सगळ्यात चांगली रचना आहे असं माझं मत आहे, कारण प्रत्येक तुकडा आपापल्या खांद्यासमोर ठेवता येतो, एकाच साच्यातल्या कीबोर्डला ते कधीच जमणार नाही. किनेसिसचा ॲडव्हांटेज ३६०, झेडएसएचा मूनलँडर ही यातली मोठी नावं, अंगठ्यापाशी चार ते सहा की असतात आणि शिफ्ट, एंटर, बॅकस्पेस तिथे आणता येतात, म्हणजे करंगळीचं ओझं अंगठ्यावर. वर सांगलीच्या ताईंना जे लिहिलं ते वाचा, मराठी लिहिणाऱ्याला याचा फायदा कोडिंगवाल्यापेक्षाही जास्त आहे.

पण कमी की असलेला घेऊ नका. चाळीस-बेचाळीस कीच्या मॉडेलमध्ये आकड्यांची ओळ नसते आणि उजवीकडच्या कंसाच्या की पण नसतात. इंग्रजीत त्याचं फार अडत नाही, पण इनस्क्रिप्टमध्ये ज्ञ, त्र, क्ष, श्र आकड्यांच्या ओळीवर, रफार आणि रकार तिथेच, ड कंसाच्या कीवर आणि ऑफिसमधला 'ऑ' त्याच ओळीच्या टोकाला. प्रत्येक वेळी लेयर बदलून, म्हणजे एक खास की धरून बाकीच्या कींची अक्षरं बदलून, 'ड' काढायचा म्हटलं तर महिन्याभरात ब्लॉग बंद पडेल. आकड्यांची ओळ असलेलाच घ्या.

स्विच, म्हणजे मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कीखाली असतं ते बटण, हलके घ्या. चेरी कंपनीचे रेड ४५ ग्रॅमच्या आसपासच्या दाबाला उमटतात, ४ मिलिमीटर खोलीपैकी २ मिलिमीटरवरच, तळापर्यंत आपटायची गरज नसते आणि ते आपटणं सोडलंत तरी बोटांना बराच आराम पडतो. ब्लू आवाज करतात, ऑफिसात शेजारचे वैतागतील. सुरुवातीला वेग निम्म्यावर येईल, त्यामुळे रिलीजच्या आठवड्यात चालू करू नका. रोज बॅगेत नेण्याएवढा हलका नसतो तो, घरी हा आणि ऑफिसात साधा असं ठेवलंत तर चालतं, दोन्हीची सवय वेगवेगळी राहते. असले कीबोर्ड बहुतेक बाहेरून मागवावे लागतात, कस्टम ड्युटी धरूनच हिशोब करा. स्विच मात्र हातात घेऊन दाबून बघा, पुण्यात तापकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मेकॅनिकल ठेवणारी दुकानं आहेत.

प्रश्न : लातूरला मराठी ३० ची टायपिंगची परीक्षा देणार आहे. क्लास सुटला की घरी सराव करते, बोटं दुखतात. बाबा म्हणतात एर्गोनॉमिक कीबोर्ड घेऊन देतो. चालेल का?

उत्तर : परीक्षा होईपर्यंत नको गं. परीक्षेला समोर साधाच सपाट कीबोर्ड येणार, आणि घरी फाकलेल्यावर सराव केलास तर तिथे बोटं चुकतील. क्लासमध्ये आहे तसाच घरी घे, पाय मिटवून ठेव, खुर्चीवर उशी घेऊन कोपर कीबोर्डच्या उंचीला आण. टाइप करत असताना तळवे टेकवू नको, थांबलीस की टेकव. बोटं दुखतात ती बहुतेक जोरात आपटल्यामुळे, जुन्या टाइपरायटरवर शिकलेले सर तसं शिकवतात कारण तिथे जोर लागायचाच, कॉम्प्युटरला लागत नाही. सरावाचे दोन तास सलग करू नको, वीस-वीस मिनिटांचे तुकडे कर. बाबांना सांग ते पैसे खुर्चीला घाला.