रीसेटच्या भोकात टाचणी घालण्याआधी

आधी ती टाचणी खाली ठेवा. तुम्ही लिहिलंय की वायफायचा पासवर्ड घरात कुणालाच आठवत नाही, नवा फोन जोडायचाय आणि शेजारचे काका राउटरचं रीसेट दाबायला सांगताहेत. पण त्यातच असंही लिहिलंय की आईंचा फोन आणि तुमचा लॅपटॉप अजून व्यवस्थित चालतोय. मग पासवर्ड हरवला कुठे? या दोघांकडे तो आहेच की.

आईंचा फोन घ्या. सेटिंग्जमध्ये वायफाय, जोडलेल्या नावावर बोट, मग शेअर. स्क्रीनलॉक विचारेल आणि क्यूआर कोड येईल. अँड्रॉइड १० पासून ही सोय आहे. नव्या फोनने तो स्कॅन केला की काम झालं. बऱ्याच फोनवर कोडखालीच पासवर्डही लिहिलेला दिसतो. नसेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्समध्ये उघडा. जी अक्षरांची माळ दिसेल, तिच्यात 'पी' आणि विसर्गासारख्या दोन टिंबांनंतर अर्धविरामापर्यंत जे आहे, तो पासवर्ड. कुठल्यातरी अनोळखी वेबसाइटवर तो कोड चढवू नका म्हणजे झालं. घरात आयफोन असेल तर आयओएस १६ पासून वायफायच्या नावाशेजारच्या 'आय'वर टॅप केलं की पासवर्ड दाखवतो.

विंडोजचा लॅपटॉप असेल तर कंट्रोल पॅनल, नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, तिथे वायफायच्या नावावर क्लिक, वायरलेस प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, आणि 'शो कॅरेक्टर्स'वर टिक.

आता रीसेटला माझा एवढा विरोध का, तर मी स्वतः हात पोळून घेतलेत. गावी आईकडे शनिवारी संध्याकाळी असंच झालं. राउटरखालच्या लेबलवर पासवर्ड होता, पण राउटर स्वयंपाकघराच्या भिंतीवर, फोडणीच्या तेलाचा थर बसून लेबल पिवळं पडलेलं. आठ आहे की बी, शून्य आहे की ओ, काही कळेना. मी वैतागून टाचणी घातली आणि दहा सेकंद दाबून धरली. वायफाय आलं, पण इंटरनेटचा दिवा काही लागेना. कारण रीसेटने वायफायच्या पासवर्डबरोबर पीपीपीओईचं, म्हणजे राउटर कनेक्शनवाल्याकडे ज्याने लॉगिन करतो ते, युजरनेम-पासवर्डही पुसलं होतं. ते कनेक्शन देणाऱ्याचं असतं, लेबलवर नसतं. केबलवाल्याचा माणूस सोमवारी दुपारी उगवला. तोवर आईची मालिका बुडाली आणि बोलणी मी खाल्ली. (लेबल नंतर ओल्या फडक्याने पुसून, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून फोटो काढल्यावर सरळ वाचता आलं. आधी सुचलं असतं तर!)

तुमच्याकडे फायबर असेल तर जास्तच जपा, तिथे कंपनीने आत भरलेल्या आणखीही सेटिंग्ज असू शकतात.

एक घोळ नेहमी होतो: वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या पानात शिरायचा वेगळा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ उघडलं की जो विचारतात तो दुसरा. तोही बहुतेक वेळा लेबलवर असतो. आत शिरता आलं तर वायरलेसच्या पानावर वायफायचा पासवर्ड बघताही येतो, बदलताही येतो. सगळ्या फोनचं वायफाय तुटलेलं असलं तरी लॅपटॉप लॅन केबलने जोडून हे पान उघडतं, केबलला वायफायचा पासवर्ड लागत नाही.

यातलं काहीच जमलं नाही आणि रीसेट करावंच लागलं, तर आधी कनेक्शनवाल्याला फोन करून पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड कागदावर घ्या, तेही त्याचं ऑफिस उघडं असताना. आणि नंतर वायफायला जुनंच नाव ठेवा, जुना पासवर्ड कुठून हाती लागला तर तोही तोच. मग टीव्ही, कॅमेरा आपोआप जोडले जातात, रिमोटने एकेक अक्षर टिपत बसावं लागत नाही.

लेबल वाचता येत नसेल तर राउटरचं मॉडेल तेवढं इथे लिहा, मी बघतो. फोटो मात्र टाकू नका, त्यावर तोच पासवर्ड असतो.