परदेशाला लष्करी मदत द्यायला संसदेची मंजुरी लागते का? वास्कोत बनून श्रीलंकेला गेलेली जहाजं ही मदतच होती ना?

नाही, वेगळं विधेयक लागत नाही. हा सरकारचा निर्णय. मोठा विषय असला तर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीत ठरतो. संसदेचा हात लागतो तो बजेट मंजूर करताना, आणि तिथे असल्या बाबींवर चर्चा कितीशी होते म्हणा!

वास्कोचं म्हणाल तर गोवा शिपयार्डची ‘सयुराला’ आणि ‘सिंदुराला’ श्रीलंकेने विकत घेतली. तो सरळ धंदा. खरी भेट म्हणजे ‘आयएनएस कृपाण’: जुलै 2023 मध्ये ही चालू युद्धनौका शस्त्रांसकट व्हिएतनामला देऊन टाकली. तिसरा मार्ग कर्जाचा. व्हिएतनामच्या 12 गस्ती नौका भारताच्याच 10 कोटी डॉलरच्या कर्जातून झाल्या. कामही भारतीय कंपनीलाच मिळालं.