मीटर पळतंय की एसी?

अकोल्यात आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. काम वडिलांकडून हाताला आलं, आता बत्तीस वर्षं होतील. होळी झाली की दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही, नुसत्या कूलरच्या मोटारी. यंदा संपादकांनी पत्रांचा गठ्ठाही दुकानातच आणून टाकला. निम्म्याहून जास्त पत्रं वीजबिलाची निघाली. त्यातली पाच घेते.

ताई, आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. मागच्या वर्षी दीड टनाचा एसी घेतला. फेब्रुवारीत १०४ युनिट होते, मे महिन्यात ४१८ झाले. युनिट चौपट, पण बिल जवळपास सहापट! दिवसभर कूलर असतो. रात्री अकराला तो बंद करून लगेच एसी लावतो, १८ वर, सकाळी सहापर्यंत. शेजारी म्हणतात मीटर पळतंय, बदलून घ्या. — एक वाचिका, अमरावती

मीटर बदलायच्या आधी त्याच्यासमोर दहा मिनिटं उभ्या राहा. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सची पिनही काढा. पाच-सात मिनिटं वाट बघून दिवा लुकलुकलाच नाही तर मीटर उगाच पळत नाही आणि घरात गळतीही नाही. मग एकेक वस्तू लावा आणि घड्याळ लावून मोजा. ३२०० च्या मीटरवर मिनिटात जितक्या लुकलुकी, त्याला १९ नं गुणलं की अंदाजे वॅट मिळतात. जुना पंखा मिनिटाला चार. एसी जोरात असला तर ऐंशीच्या घरात, तिथे मोजायची धांदल होते, म्हणून पंधरा सेकंदच मोजा आणि चौपट करा. माझा नववीतला भाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून मोजतो, तेही चालतं.

आता सहापटीचं कोडं. महावितरणचे घरगुती टप्पे आहेत १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दर अधूनमधून बदलतात, म्हणून ते तुमच्या चालू बिलावरच बघा. पण तिसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीहून बराच वर असतो, हे काही बदलत नाही. त्यावर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचा आकार, आणि १६ टक्के वीज शुल्क. पुष्कळांना वाटतं ३०० ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात. तसं नाही. तुमचे पहिले १०० स्वस्तातच गेले, मधले २०० मधल्या दरानं आणि शेवटचे ११८ फक्त महाग. म्हणजे तुम्हाला एसी विकायचा नाहीये, ते वरचे ११८ कापायचेत. वाचलेला प्रत्येक युनिट सगळ्यात महागातला असतो, हे मला फार आवडतं.

कापायचे कुठे? तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: ‘कूलर बंद करून लगेच एसी.’ अहो, दिवसभर कूलरनं तुमच्या खोलीत बादल्याच्या बादल्या पाणी हवेत मिसळलं. भिंती, गाद्या, पडदे, सगळं दमट. मग दारं-खिडक्या लावून एसी सुरू केला की त्याचं पहिलं काम गार करणं नाही, ते पाणी हवेतून परत काढणं. बाहेरच्या पाइपातून पहिल्या तासात किती पाणी गळतं ते बादली लावून बघा. त्या पाण्याचं बिल तुम्ही भरताय. कूलर साडेदहालाच बंद करा, त्यातही आधी त्याचा पंप बंद करून नुसता पंखा पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, खिडक्या उघड्या. मग एसी.

आणि ते १८. एसीला १८ सांगितलं म्हणून खोली लवकर गार होत नाही, फक्त तो थांबायचं नाव घेत नाही. १ जानेवारी २०२० पासून स्टारवाले एसी कारखान्यातूनच २४ वर लावून येतात, ते काही उगाच नाही. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबानं एक अंश वर केला की साधारण ६ टक्के वीज वाचते. मी मागच्या मे महिन्यात वही ठेवली होती. १८ वर सात रात्री, सात तास: ५३ युनिट. २६ वर आणि डोक्यावर पंखा हळू: ३४. नवऱ्याला फरक कळला नाही, मी सांगितलंही नाही. आठवड्याला १९ म्हणजे महिन्याला ऐंशी झालेच.

राहिलेले चाळीस युनिट डोक्यावरच्या छताच्या स्लॅबमधून काढा. वरचा मजला म्हणजे दिवसभर तापलेली गच्ची रात्री डोक्यावर. माझ्याच घरी पलंगावर स्टूल ठेवून रात्री साडेनऊला छताला तळहात लावला, इस्त्रीच्या कपड्यासारखं ऊबदार लागलं. बाहेर हवा गार व्हायला लागली होती आणि स्लॅब अजून दुपारचं ऊन खोलीत सोडत होता. मग गच्चीवर चुना मारला: कळीचा चुना रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, त्यात थोडा फेव्हिकॉल, कुंच्यानं दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा. डोळ्यांना चष्मा लावूनच काम करा, चुना डोळ्यात गेला तर वाईट. पावसाळ्यात तो धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो. सोसायटी ‘नाही’ म्हणाली तर सगळ्यांत वरच्या मजल्याचे तुम्ही चौघे मिळून पैसे काढा, मग कुणी हरकत घेत नाही.

एक माणूस दारावर ‘वीज बचत यंत्र’ विकत होता. प्लगमध्ये लावायचं, बिल ३० टक्के कमी. घ्यावं का? — एक वाचक, बुलढाणा

नाही. आमच्या दुकानात अशी दोन खोलून झाली. आत एक छोटा कंडेन्सर आणि हिरवा दिवा. घरगुती मीटर प्रत्यक्ष वापरलेले युनिट मोजतं आणि त्यावरच बिल येतं. असल्या कंडेन्सरनं ते आकडे हलत नाहीत. हिरवा दिवा मात्र तुमच्याच विजेवर जळतो.

नागपूरहून बदली होऊन डोंबिवलीत आलो. तिथला मोठा लोखंडी कूलर ट्रकमध्ये घालून आणला. तिकडे रजई घ्यावी लागायची, इथे घामानं भिजतो. पॅड नवीन टाकले, मोटारही तपासली. — एक वाचक, डोंबिवली

कूलर चांगला आहे, गाव बदललंय. गेल्या मे महिन्यात माझ्या कूलरनं दुपारी बारा ते पाच ५० लिटर पाणी प्यायलं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण दोन-तृतीयांश युनिटाइतकी उष्णता लागते, ती पाणी हवेतूनच ओढून घेतं. तासाला दहा लिटर म्हणजे जवळपास दोन टनांच्या एसीचं काम, तेही दोनशे वॅटच्या आत. पण ही जादू कोरड्या हवेची. नागपुरात ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के असली तर ओलं कापड गुंडाळलेला तापमापक २४-२५ दाखवेल, कूलर हवा त्याहून गार करूच शकत नाही. डोंबिवलीत ३४ अंश आणि ६५ टक्के असली तर तो २८ च्या खाली उतरत नाही. हवेला पाणी नकोच आहे, तुम्ही बळंच पाजताय. तिथे कमी विजेवर चालणारा बीएलडीसी पंखा, स्वयंपाकघरात एक्झॉस्ट आणि खोली लहान असली तर एक टनाचा एसी. कूलर नागपूरला कुणाला तरी देऊन टाका. नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, दुवा देतील.

मे महिन्यात नेहमीच्या बिलाशिवाय आणखी एक बिल आलं. दोनदा वसुली आहे का? — एक वाचिका, वाशीम

त्यावर ‘सुरक्षा ठेव’ लिहिलंय का बघा. मागच्या वर्षीच्या सरासरी बिलावरून ठेव पुन्हा ठरवतात आणि कमी पडली तर फरकाचं वेगळं बिल उन्हाळ्याच्या तोंडावर येतं. पैसे तुमच्याच नावावर राहतात, त्यावर व्याजही मिळतं. मागच्या वर्षी वापर वाढला असेल तर हे येणारच.

माझे सासरे ७८ वर्षांचे. दुपारी घरी एकटेच असतात. बिल वाढेल म्हणून कूलर लावतच नाहीत, पंख्याखाली बसतात. मागच्या आठवड्यात चक्कर आली. शिवाय म्हणतात, कूलरला हात लावला की मुंग्या येतात. — एक वाचिका, यवतमाळ

आधी मुंग्यांचं. आज संध्याकाळी घरी पोचताच कूलरची पिन काढा आणि वायरमन येईपर्यंत लावू नका. लोखंडी कूलर, खाली पाणी, ओली फरशी, अनवाणी पाय. विदर्भात दर उन्हाळ्यात अशी माणसं जातात. बहुतेक ठिकाणी पंपाची वायर कुठेतरी सोललेली असते आणि थ्री-पिनची जाड पिन एक तर कापलेली, नाहीतर भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नसतं. दोन्ही तपासून घ्या आणि मेन बोर्डात ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवायला सांगा. आणि नियम म्हणून, पाणी भरताना बटन बंद नाही, पिन बाहेर.

आता बाबांचं. खोलीतली हवा अंगापेक्षा गरम झाली की पंखा नुसता गरम वाराच मारतो. या वयात तहानही कमी लागते, त्यामुळे अंगातलं पाणी गेलेलं कळतही नाही. चक्कर आली ती डॉक्टरांना सांगाच. पण त्यांना ‘काळजी करू नका’ म्हणू नका, त्या पिढीला हिशेब पटतो. दोनशे वॅटचा कूलर दहा तास चालला की दोन युनिट. महागातला दर धरला तरी कोपऱ्यावरच्या टपरीवरच्या दोन-तीन चहाचे पैसे.

माझे वडीलही असेच होते. मी सांगून थकले. मग एक दोनशे पानी वही त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, ‘बाबा, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला मीटरचा आकडा तुम्ही लिहायचा, मला वेळ नाही.’ पहिले दोन दिवस कूलर बंद ठेवून लिहिलं, मग दोन दिवस लावून. पाचव्या दिवशी दुपारी दुकानात त्यांचा फोन आला: कूलरच्या ताटीवर, म्हणजे पॅडवर, पाणी नीट पडत नाहीये, येताना पंप घेऊन ये.